ओझं उचलणारा माणूस

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"निवृत्तीनंतर काय करतेस?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. सगळ्यांना एकदमच सांगते. ईस्टरच्या आधी आम्हा ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्या दिवसांत दर शुक्रवारी आमच्याकडे आठ-दहा माणसं जमतात. आम्ही एक धार्मिक चित्र पाहतो आणि त्याच्या जोडीला जॅझ ऐकतो.

उपवासात क्लबमधलं संगीत कशाला, असं काहींना वाटतं. पण अमेरिकेतल्या पियानोवादक मेरी लू विल्यम्स जॅझचा इतिहास एका झाडाच्या चित्रातून समजावत. त्या झाडाच्या मुळाशी आहे दुःख, गुलामांनी सोसलेलं. याच बाईंनी 1968 मध्ये खास उपवासकाळासाठी मिस्सा, म्हणजे उपासनेचं संगीत, रचलं.

यंदा आम्ही आरन डग्लस या कृष्णवर्णीय चित्रकाराचं 1927 सालचं क्रूसाचं चित्र घेतलं. त्यात येशू लहानसा, उजेडाच्या वर्तुळात आहे. चित्र व्यापलंय ते कुरेनेकर शिमोनाने. रोमन शिपायांनी वाटेत धरून ज्याला येशूचा क्रूस वाहायला लावला, तो हा माणूस. शुभवर्तमानात त्याच्या वाट्याला जेमतेम एक-दोन ओळी येतात. डग्लस यांनी त्यालाच सगळ्यांत मोठं केलं.

जोडीला विल्यम्स यांचं संत मार्टिन दे पोरेस यांच्यावरचं गीत लावलं. पेरूमधले हे संत आयुष्यभर आजाऱ्यांची सेवा करत राहिले. गीतात बराच वेळ नुसते माणसांचे आवाज आहेत, मग पियानो येतो.

आमची पद्धत साधी आहे. आधी दहा मिनिटं गप्प बसून चित्र पाहायचं. मग ते झाकून संगीत ऐकायचं. मग पुन्हा चित्र. दोन्ही एकदम ठेवलं की संगीत नुसतं मागे वाजत राहतं.

त्या दिवशी चित्रावरचं कापड दुसऱ्यांदा काढलं, तेव्हा आमच्या एक शेजारीणबाई बोलल्या. त्यांचे पती चार वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. त्या म्हणाल्या, "उचलशील का, असं ह्याला कुणी विचारलंच नव्हतं." कुणाला उत्तर सुचलं नाही. पण पुढच्या आठवड्यापासून दर बुधवारी आमच्यातलं कुणीतरी त्यांच्या घरी जाऊन बसतं आणि त्या दोन तास बाहेर पडतात.

आपल्या तुकडीतले काही जण आज घरच्या आजारपणामुळे येऊ शकले नाहीत. त्यांची नावं संयोजकांकडे आहेत. जेवणानंतर ती यादी घेऊन बसू. कोण कुणाच्या जवळ राहतं ते पाहू आणि वार वाटून घेऊ.