कुंडींतील ठेंगणा एल्म

पुण्यास एम्प्रेस बागेंत जानेवारीच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतें, तेव्हां फुलांचे ताटवे पाहून झाले तरी वामनवृक्षांपुढें रेंगाळणारे पुष्कळ असतात. अशा वृक्षांपैकीं चिनी एल्म हा नवशिक्याच्या हातीं बहुधा प्रथम सोपविला जातो. परंतु हौसेनें घरीं आणलेलें हें झुडूप पुण्याचा पहिला उन्हाळा पाहतेंच असें नाहीं. आणि त्यास हवेपेक्षां मालकाचा लोभच अधिक कारण होतो.

एल्म हें नांव परकें खरें, पण त्याचें कूळ पुणेकरांस अपरिचित नाहीं. उन्हाळ्यांत ज्याचीं चपटीं, कागदासारखीं फळें वाऱ्याबरोबर रस्त्यावर उडत येतात, तो वावळा याच कुळांतला. १८ व्या शतकाच्या अखेरीस रॉक्सबर्ग यानें त्यास एल्मच म्हटलें होतें. चिनी एल्म मूळचा चीन, कोरिया व जपान येथला. मोकळ्या जमिनींत तो ४०-५० फूट वाढतो. 'हॉक्काइडो' व तिच्यापासून उपजलेली 'सेइजू' या जाती मात्र जन्मतःच ठेंगण्या, पानें नखाहूनहि लहान, आणि साल बुचासारखी भेगाळलेली.

हें झाड दिवाणखान्यांत ठेवण्याचें नव्हे. पाहुण्यांना दाखविण्यासाठीं दोन दिवस आंत आणावें, एरव्हीं पूर्वेकडील सज्जांत सकाळचें ऊन मिळेल असें ठेवावें. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांकडे झुकला कीं दुपारीं सावली हवीच. पाणी घड्याळ पाहून देऊं नये. बोटानें माती चाचपून द्यावें. उथळ कुंडींस मे महिन्यांत दोनदां लागेल, श्रावणांत मुळींच लागणार नाहीं. येथली काळी माती एकटी वापरल्यास पावसाळ्यांत चिकटून बसते व मुळें कुजतात. जाड वाळू, विटांचा चुरा आणि कुजलेलें शेणखत यांचें मिश्रण बरें.

हिंवाळ्यांत कांहीं पानें पिवळीं होऊन गळतात. तो रोग नव्हे. पुण्याची थंडी सारें झाड निष्पर्ण करण्याइतकी कडक नसते, एवढेंच. नवी पालवी फुटण्यापूर्वीं, दोन वर्षांतून एकदां, कुंडी बदलून तिसरा हिस्सा मुळें छाटावीं. छाटलेलीं जाड मुळें फेंकूं नयेत. मातींत रोवल्यास त्यांनाहि कोंब येतात.

नव्या फांदीस पांच-सहा पानें आलीं कीं दोन राखून खुडावें, म्हणजे झाड दाट होतें. खोड जाड व्हावयाचें तर मात्र एखादी फांदी वर्षभर मोकळी सोडावी लागते, आणि नेमका येथेंच बहुतेकांचा धीर सुटतो. कात्री हातीं असली कीं ती स्वस्थ बसत नाहीं. तार गुंडाळली असेल तर ती सालींत रुतण्यापूर्वीं काढावी. मावा अगर कोळी पडल्यास पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारून पाहावा. जालीम औषधांनीं कित्येकदां कीड मरते आणि पानेंहि गळतात.

मे महिन्यांत सारें कुटुंब कोंकणांत जावयाचें असल्यास कुंडी ओल्या वाळूच्या घमेल्यांत बसवून सावलींत ठेवावी, आणि शेजाऱ्यांस बजावून जावें.