प्रेस थांबण्याआधी



विषय दिलाय लीन मॅन्युफॅक्चरिंग, आणि मिनिटं दिलीत मोजकी. कायझेन, कानबान, फाइव्ह-एस हे सगळं तुमच्या शॉपमध्ये फलकांवर रंगवलेलं आहेच, त्यात मी वेळ दवडत नाही. मी बोलणार डाय चेंजवर.

भोसरी घ्या, वाळूज घ्या, सातपूर घ्या. प्रेस शॉपमध्ये डाय बदलायची वेळ आली की काय होतं? प्रेस थांबते, जुनी डाय उतरते, आणि मग शोधाशोध सुरू होते. फोर्कलिफ्ट डिस्पॅचला गाडी भरतेय. ती आली तर हवी ती डाय रॅकमध्ये सगळ्यात मागे. डाय चढली तर बोल्ट आखूड. बोल्ट मिळाला तर पाना पलीकडच्या प्रेसवर. पहिला पीस निघाला, तर क्वालिटीवाला जेवायला गेलेला. आणि एवढा वेळ प्रेस उभी! वर साहेब विचारणार, सेटर एवढा हळू का? अहो, सेटर हळू नाही, तो पळतोय. त्याला पळवताय तुम्ही.

घरी फोडणी करताना तेल तापल्यावर कुणी हिंगाची डबी शोधायला निघतं का? मोहरी, जिरं, हिंग, हळद डब्यात. डबा ओट्यावर, झाकण काढलेलं, चमचा आत. कढीपत्ता धुऊन पुसून ठेवलेला, कारण ओला पडला तर तेल अंगावर उडतं. डाळ शिजून, घोटून तयार. मग तेल तापवायचं. मोहरी तडतडली की पुढचं काम चुटकीसरशी. तापलेलं तेल म्हणजे तुमची थांबलेली प्रेस. मसाल्याचा डबा म्हणजे क्लॅम्प, बोल्ट, पाने ठेवलेली ट्रॉली. पुसलेला कढीपत्ता म्हणजे आधीच साफ करून, धार तपासून ठेवलेली डाय. घोटलेली डाळ म्हणजे शेजारी आणून ठेवलेली पुढची कॉइल. जे काम प्रेस चालू असताना होऊ शकतं, ते प्रेस थांबल्यावर करायचं नाही. बस्स, एवढंच.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. १९५० साली हिरोशिमाच्या टोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझदात, जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो ८०० टनी प्रेसची डाय बदलताना पाहत होते. जुनी डाय निघाली आणि कामगार धावत सुटला. एक बोल्ट सापडत नव्हता. तासाभराहून जास्त वेळानं तो बोल्ट घेऊन आला. शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट काढला होता, कापला होता, आटे पाडले होते. आता त्या शेजारच्या मशीनची पाळी येईल तेव्हा? तिथून शिंगोंनी कामाचे दोन भाग पाडले, प्रेस थांबवूनच करायचं ते एक आणि चालू असताना उरकायचं ते दुसरं. पुढं १९६९ मध्ये टोयोटाच्या १००० टनी प्रेसला डाय बदलायला ४ तास लागत. सहा महिन्यांत ते दीड तासावर आले. मग व्यवस्थापनानं ३ मिनिटं मागितली, आणि तीही झाली.

'आमचा लॉट मोठा असतो, आम्हाला फरक पडत नाही,' असं म्हणणारे ऐकताहेत, मला माहीत आहे. अहो, लॉट मोठा आहे तो डाय चेंज लांबतं म्हणूनच! कागद-पेन्सिल घ्या. ६ सेकंदांना एक पीस निघतो. डाय चेंजला २ तास, म्हणजे ७२०० सेकंद. लॉट ६००० चा केलात तर दर पिसावर १.२ सेकंदांचा बोजा. तेच डाय चेंज १० मिनिटांत झालं, तर ६०० च्या लॉटलाही पिसामागे १ सेकंदच. दहावा हिस्सा लॉट, आणि बोजा कमीच. आता पिसाला चीर पडतेय हे पुढं वेल्डिंगला कळलं, तर ६००० भंगारात घालायचे की ६००? बिनांच्या थप्प्यांनी अडवलेली जागा, त्यात अडकलेला पैसा...

समोरून बोट दाखवताहेत, वेळ संपत आली. सगळ्या डायची उंची सारखी कशी करायची, म्हणजे प्रेसची सेटिंग दरवेळी हलवावी लागत नाही, तो भाग राहिला. महत्त्वाचा होता. असो.

उद्या एवढं करा. पुढच्या डाय चेंजला घड्याळ आणि वही घेऊन प्रेसजवळ उभे राहा. सेटर प्रेस सोडून किती वेळा गेला, कशासाठी गेला, लिहा. त्याचं नाव लिहू नका, चूक त्याची नाही. जी वस्तू आणायला तो गेला, ती पुढच्या खेपेला प्रेस थांबण्याआधी ट्रॉलीत हवी. पुन्हा सांगतो, थांबण्याआधी. नवी प्रेस घ्यायचं कोटेशन मागवलं असेल, तर ते तोवर ड्रॉवरमध्येच राहू द्या.