एसी लावल्यावर इंजिनाची खडखड

गाडीतला एसी सुरू केला की कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक्’ करून बसतो आणि पट्ट्यामार्फत इंजिनावर जादा भार येतो. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला साधारण 700 ते 900 फेरे घेत असते. त्यात हा भार पडला की दबलेल्या रबरी माउंटिंगला थरथर सोसत नाही. ती थेट स्टिअरिंगपर्यंत येते आणि अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबताच बहुधा कमी होते. सायलेन्सरवरचा सैल पत्राही अगदी असाच वाजतो, आणि त्यापायी भलतेच महागडे भाग बदलले जातात.

आवाज कॉम्प्रेसरपाशीच येत असेल तर एसी बंद करून ऐकावे. पुली पट्ट्याबरोबर सतत फिरते, त्यामुळे तिचे बेअरिंग गेले असल्यास घरघर अनेकदा एसी बंद असतानाही राहते. क्लच सुटताक्षणी आवाज थांबला तर संशय क्लचवर किंवा कॉम्प्रेसरच्या आतल्या भागांवर जातो. बिनक्लचच्या काही नव्या कॉम्प्रेसरना ही कसोटी लागू पडत नाही. एसीबरोबर रेडिएटरचा पंखाही फिरू लागतो. त्याचे पाते कुठे घासते का, हे इंजिन थंड झाल्यावर, बॅटरीची तार काढून, पंखा हाताने फिरवून पाहता येते.