खेळावर पोट भरणारी मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने एखाद्या विषयावर चार शब्द बोलावयाचे, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. लोणची-मुरंब्यापासून मृत्युपत्रापर्यंत पुष्कळ विषय आजवर झाले. यंदा माझे नाव पुढे आले तेव्हा मी म्हटले, “माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी काय बोलणार?” त्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, “तुमच्या घरात सध्या जे चालले आहे तेच बोला. ते हल्ली घरोघरी चालले आहे.” म्हणून धीर करून उभी आहे. जी माहिती सांगणार आहे ती वर्तमानपत्रांतून वेचलेली आणि मुलाला खोदून खोदून विचारलेली आहे.

माझा धाकटा मुलगा अकरावीत आहे. तो म्हणतो, मला कॉलेज नको, मी व्हिडिओ गेम खेळूनच पोट भरीन. आपल्यापैकी कुणाच्या मुलाने असे म्हटले तर आपण काय म्हणू? “खेळून कुठे पोट भरते का रे?” असेच ना? परंतु मैत्रिणींनो, जगात काहींचे भरते, आणि चांगले तुडुंब भरते. ते आधी मान्य केले पाहिजे. नाही तर मुले आपले ऐकावयाचीच नाहीत.

२०१९ च्या जुलैमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क येथे ‘फोर्टनाइट’ नावाच्या खेळाची जागतिक स्पर्धा झाली. ज्या मैदानावर टेनिसचे मोठमोठे सामने होतात त्याच मैदानावर. काइल गिर्सडॉर्फ नावाचा सोळा वर्षांचा मुलगा एकेरीत पहिला आला. त्याला बक्षीस मिळाले ३० लाख डॉलर. त्या वेळच्या दराने ते वीस कोटी रुपयांच्या वर जातात. सोळा वर्षांचा म्हणजे माझ्या मुलाएवढाच!

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. कराचीचा सुमैल हसन नावाचा मुलगा. सायबर कॅफेत खेळावयास पैसे हवेत म्हणून आपण सायकल विकली, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. पुढे त्याचे कुटुंब अमेरिकेत गेले. २०१५ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याच्या पाचजणांच्या संघाने ‘डोटा’ या खेळाची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली. बक्षीस सुमारे ६६ लाख डॉलर!

हे ऐकून तुम्ही विचाराल, की एवढा पैसा येतो तरी कुठून? मीही मुलाला हेच विचारले होते. त्याचे उत्तर मला गणपतीच्या वर्गणीवरून समजले. ‘डोटा’ खेळणारी जगभरची लाखो मुले खेळातल्या शोभेच्या वस्तू पैसे देऊन घेत. त्या पैशांपैकी चौथा हिस्सा कंपनी बक्षिसाच्या हंड्यात टाकी. अशा थेंबाथेंबाने २०२१ साली तो हंडा चार कोटी डॉलरपर्यंत भरला होता. याशिवाय जाहिरातदार असतात. खेळाडूंच्या सदऱ्यावर कंपन्यांची नावे असतात आणि संघ महिन्याचा पगार देतो. शिवाय काहीजण स्वतःचा खेळ इंटरनेटवर लोकांना दाखवितात आणि त्यावरही मिळवितात. यात मुलीही आहेत. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्याची पायल धारे ही अशीच पुढे आली. २०२४ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी निवडक खेळाडूंना बोलावून त्यांच्याशी गप्पा केल्या, त्यांत ती होती.

आपल्या कऱ्हाडकरांना हे ऐकून एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, ते लोकांनी गोळा केलेल्या पैशांवर. त्यांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परंतु पदकाने चूल पेटली नाही. पुढे त्यांनी पोलिसात नोकरी केली. ज्याने अंगाची माती केली त्याला नोकरी करावी लागली, आणि आज खुर्चीवर बसून बोटे चालविणाऱ्याला कोटी मिळतात, याचे आमच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींना फार वाईट वाटते. मला मात्र वाटते, राग त्या मुलांवर काढून काय उपयोग? खेळाडूला त्याच्या खेळाचे मोल मिळावे, ही आपलीही इच्छा होतीच.

आता नाण्याची दुसरी बाजू. ज्या फोर्टनाइटच्या स्पर्धेविषयी मी सांगितले, तिच्या पात्रता फेऱ्यांत चार कोटी खेळाडूंनी नशीब अजमाविले. एकेरीच्या अंतिम फेरीत बसले फक्त शंभर. आपल्याला वर्तमानपत्रात दिसतो तो एकच, पहिला आलेला. बाकीच्यांच्या घरी काय झाले ते कुणी छापत नाही.

आणि जे पोचतात त्यांना तरी फुकट मिळते काय? दक्षिण कोरियात ली सांग-ह्योक म्हणून एक खेळाडू आहे. त्याला जग ‘फेकर’ या नावाने ओळखते. वडिलांनी व आजीने वाढविलेला हा मुलगा शाळा सोडून २०१३ साली संघात गेला. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळाचे जागतिक अजिंक्यपद २०१३ ते २०२५ या काळात त्याने संघाबरोबर सहा वेळा मिळविले. परंतु अशा संघांतून दिवसाचे दहा-बारा तास सराव चालतो. तालमीत वस्ताद असतो तसा शिक्षक असतो. झालेला सामना पुन्हा पुन्हा लावून चुका शोधावयाच्या. जेवण आणि झोपही वेळेवर. एवढे असून २०२३ साली हाताच्या दुखण्यामुळे फेकरला काही आठवडे बसून राहावे लागले. चीनमध्ये ‘उझी’ नावाने गाजलेला खेळाडू तर २०२० साली अवघ्या तेविसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याला मधुमेह जडला होता आणि हातही दुखावला होता. आपल्याकडे तेविसाव्या वर्षी मुले नोकरीचे पहिले अर्ज करीत असतात!

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कुस्तीचे मैदान गावाचे, खो-खोला तर नुसते अंगण पुरते. या खेळांना मात्र मालक आहे. मालकाने दार लावले की खेळाडू रस्त्यावर. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ‘पबजी’वर बंदी घातली. तोच खेळ नवे नाव घेऊन जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. या तीन वर्षांत ज्या मुलांनी सगळी भिस्त त्या एका खेळावर ठेवली होती, त्यांची काय स्थिती झाली असेल? आणि तो चार कोटी डॉलरचा हंडा? कंपनीने विक्रीची पद्धत बदलली आणि २०२३ साली तो सुमारे ३१ लाखांवर आला. खेळ तोच, मेहनत तीच, बक्षीस मात्र तेराव्या हिश्शावर.

आता आमच्या घरचे सांगते. मुलाने पुण्यात एका स्पर्धेत तीन मित्रांबरोबर पाच हजारांचे बक्षीस मिळविले आणि त्याच्या डोक्यात वारे शिरले. पी हळद आणि हो गोरी! त्याच्या वडिलांनी संतापून फोन काढून घेतला. मग बाप-लेकांत बोलणेच बंद झाले. दोन महिने एका पंगतीला बसून दोघेही माझ्यामार्फत मीठ मागत. बाप म्हणे, वाया गेला. लेक म्हणे, यांना काही कळत नाही. मध्ये मी. शेवटी एक दिवस मी मुलाला म्हटले, “मला शिकव. मी पाहते तरी.” तो हसला, पण शिकविले. मी पहिल्या मिनिटातच मेले, म्हणजे खेळात! पण शेजारी बसून पाहिल्यावर एवढे कळले, की त्याचे डोळे आणि बोटे फार चलाख आहेत, आणि चारजणांना सांभाळून घेण्याची त्याला हातोटी आहे. हे गुण आहेत, अवगुण नव्हेत.

मग तिघांनी बसून चार गोष्टी ठरविल्या. बारावी सोडावयाची नाही. रात्री दहानंतर फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात. रोज तासभर नदीकाठी पळणे, कारण बसून खेळणाऱ्यालाच शरीर अधिक लागते. आणि बारावीनंतर एक वर्ष त्याला मोकळे द्यावयाचे. त्या वर्षात खेळात काही झाले तर ठीक, नाही तर गुपचूप पुढचे शिक्षण. ही शेवटची अट घालताना त्याच्या वडिलांना किती जड गेले, ते मी पाहिले आहे. पुढे काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. पण घरात बोलणे सुरू झाले आहे. माझ्या लेखी तेही थोडे नाही.

कुणी म्हणेल, सरकारनेच कायदा करून रात्रीचे खेळ बंद करावेत. कोरियाने ते करून पाहिले. २०११ साली कायदा केला, की सोळा वर्षांखालील मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा इंटरनेटवरचे खेळ बंद. मुलांनी आईबापांचे ओळख-क्रमांक घालून खेळणे चालूच ठेवले! २०२१ साल सरताना तो कायदा उठविला गेला. फडताळाची किल्ली शेवटी आपल्याच कमरेला हवी.

आणखी एक गोष्ट सर्व मातांनी पक्की ध्यानात धरावी. स्पर्धेचा खेळ वेगळा आणि पैसे लावून खेळणे वेगळे. स्पर्धेच्या खेळाला आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. त्याआधी २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत हे खेळ प्रात्यक्षिक म्हणून ठेवले होते, त्यांत भूजच्या तीर्थ मेहताने कांस्यपदक मिळविले. परंतु रमी म्हणा, पत्ते म्हणा, फोनवर पैसे लावून जिंकण्याची आशा दाखविणारे जे खेळ, तो सरळ जुगार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने जो कायदा मंजूर केला, त्यात हा भेद स्पष्ट केला आहे. पैशांच्या खेळांना व त्यांच्या जाहिरातींना मनाई, स्पर्धेच्या खेळांना उत्तेजन. आमच्या ओळखीच्या एका घरातील कर्त्या मुलाने अशा खेळापायी आईच्या पाटल्या गहाण टाकल्या. त्या माउलीला कळले तेव्हा व्याज मुदलाच्या पुढे गेले होते. म्हणून मुलगा “खेळतो” असे म्हणाला की पहिला प्रश्न हाच विचारा, “यात तुझे पैसे जातात की नाही?” जात असतील तर त्याच दिवशी पाऊल उचला. शेजारीपाजारी काय म्हणतील म्हणून झाकून ठेवू नका.

शेवटी, मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपण मुलांसाठी वक्तृत्व, रांगोळी, पाठांतराच्या स्पर्धा घेतो. उन्हाळ्याच्या सुटीत एक दिवस या मुलांना मंडळाच्या सभागृहात बोलवावे. त्यांनी आपला खेळ आयांना दाखवावा, समजावून सांगावा. त्याच दिवशी एखाद्या डॉक्टरांनी डोळे, मनगट आणि पाठ यांची काळजी कशी घ्यावी ते सांगावे. चहा-पोह्यांचा खर्च मी आणि माझ्या दोन शेजारणी करू. मुलांच्या हातातील वस्तू आपल्याला कळेनाशी झाली, की मुलेही हळूहळू कळेनाशी होतात. तेवढे अंतर आपण पडू देऊ नये.

मोठा घास घेतल्याबद्दल वडीलधाऱ्या भगिनींनी राग मानू नये.