कुरणात शीप, ताटात मटन

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला कुणी विचारलं, "मेंढीचं का हो?" तर तो फटकन म्हणेल, "छे, बोकडाचं!" इंग्लंडात मात्र मटन म्हणजे मेंढीचंच मांस. कुरणात चरते ती 'शीप', ताटात पडतं ते 'मटन'.

एकाच प्राण्याला ही दोन नावं कशी? 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि इंग्लंडच्या दरबारात फ्रेंच भाषेने ठाण मांडलं. जनावरं राखायची हरलेल्या सॅक्सनांनी, जेवायचं जिंकलेल्या नॉर्मनांनी. म्हणून जितेपणी इंग्रजी नाव आणि शिजल्यावर फ्रेंच, असा टोमणा वॉल्टर स्कॉटने 'आयव्हॅन्हो' या कादंबरीत विदूषकाच्या तोंडी घातला आहे. टोमणा झकास, पण इतिहास इतका सुटसुटीत नाही. शेक्सपिअरच्या काळीही जिवंत मेंढीला 'मटन' म्हटलेलं सापडतं. वाटणी पक्की व्हायला बराच काळ गेला.

खरी गंमत क्रियापदांत आहे. 'आस्क' हा घरचा जुना शब्द, 'क्वेश्चन' फ्रेंचांकडून आलेला, 'इंटरॉगेट' लॅटिनमधला. कोशात तिन्हींपुढे 'विचारणे' लिहून मोकळं होता येतं, आणि घोळ तिथेच होतो. "जेवलास का रे?" असं आई विचारते, ते 'आस्क'. चेकवरची सही जुळत नाही म्हणून बँकेतले साहेब खोदून खोदून विचारतात, ते 'क्वेश्चन'. त्यात संशय आलाच. पोलीस ठाण्यात तासन्‌तास चालतं ते 'इंटरॉगेट'. आईने आपल्याला 'इंटरॉगेट' केलं असं कुणी म्हणालं, तर ती एक तर थट्टा असते, नाहीतर तक्रार.

मराठी माणसाला हे नवं नाही. सासूने सुनेची विचारपूस केली तर सून सुखावते. सासू सुनेची चौकशी करत हिंडली, तर माहेरी फोन जातो.

'किंगली', 'रॉयल', 'रीगल' हेही असंच त्रिकूट: पहिला इंग्रजी, दुसरा फ्रेंच वाटेचा, तिसरा लॅटिन. 'रॉयल'ला बहुधा खरोखरचं राजघराणं लागतं; ब्रिटनची टपालसेवा 'रॉयल मेल' झाली ती त्यामुळे. 'रीगल'ला रुबाब पुरतो, मुकुट नसला तरी चालतो. मुंबईत कुलाब्याला 1933 मध्ये सुरू झालेल्या चित्रपटगृहाला तेच नाव मिळालं. राजा तिथे फक्त पडद्यावर यायचा, तोही तिकीट काढलेल्यांना दिसायचा.