खाडीच्या पाण्याचा रंग
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. विषय शास्त्राचा, पण पाण्याशी आपला संबंध पहाटेपासूनच असतो, म्हणून बोलायचे धाडस करते. समुद्रशास्त्र शिकणारी माझी भाची सुट्टीत घरी येते, तिला मी खोदून खोदून विचारले. त्यातले समजले तेवढे सांगते.

आपली मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्या सह्याद्रीकडून येतात आणि कुंभारजुव्याच्या कालव्याने एकमेकींना मिळालेल्या आहेत. पावसाळ्यात पाणी लाल, गढूळ होते. ती माती. पण पेलाभर पाणी रात्रभर ठेवले, तर माती तळाशी बसते आणि तरीही वरच्या पाण्याला कधी कधी फिक्या चहासारखा रंग राहतो. तो वस्त्रगाळ करूनही जात नाही, कारण तो पाण्यात विरघळलेला असतो.

हा रंग येतो कुठून? चहाची पत्ती पाण्यात टाकली की रंग उतरतो ना, तसेच. रानातला पाचोळा, खाजणातले गवत, तिवरांची गळलेली पाने कुजतात आणि त्यांचा अर्क पाण्यात उतरतो. जर्मनीच्या कुर्ट काले यांनी १९३० नंतरच्या दशकात त्याला 'पिवळा पदार्थ' अशा अर्थाचे नाव दिले. हा पदार्थ सूर्यप्रकाशातले निळे आणि डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतो. उरलेला प्रकाश आपल्याला पिवळसर तपकिरी दिसतो.

नदीकडे रंग गडद, समुद्राकडे जावे तसा तो फिका. ताकात पाणी घालावे तसा समुद्राच्या पाण्याने तो पातळ होतो. लिंबू पिळल्यावर दूध फाटते, तसा खाऱ्या पाण्याने त्यातला थोडा अंश गोळा होऊन खाली बसतो. आणि रंगीत लुगडे उन्हात विटते, तसा हा रंगही उन्हाने विटतो.

उपग्रहसुद्धा या रंगाने फसतात! आपल्या देशाने १९९९ साली समुद्राचा रंग पाहणारा ओशनसॅट आकाशात सोडला. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती किती, हे तो रंगावरून सांगत असे. पण हा पदार्थही त्यांच्याप्रमाणेच निळा प्रकाश खातो. म्हणून शास्त्रज्ञांना होडीतून जाऊन पाणी आणावे लागते, बारीक गाळणीतून गाळून तपासावे लागते.

आता आपल्या संसाराचा प्रश्न. परतीच्या पावसानंतर एकदा पाणी असेच तपकिरी झाले. पाणी विषारी आहे असे कोणीतरी उठवले आणि आमच्या शेजारणीची तिसऱ्यांची पाटी बाजारातून भरलेलीच परत आली. त्या दिवशी तिच्या घरी चूल कशी पेटली, ते मी पाहिले आहे. भगिनींनो, नुसत्या रंगावरून पाणी वाईट ठरवू नका. हा रंग माफक असला तर पाण्यातल्या बारीक जिवांना कडक किरणांपासून आडोसाही देतो. फार झाला तर मात्र तळाच्या वनस्पतींना उजेड कमी पडतो.

पण उलट बाजूही ध्यानात ठेवा. स्वच्छ दिसणारे पाणी निर्मळ असतेच असे नाही. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तिसऱ्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातली घाण त्यांच्या अंगात साठते. जिथे गटार किंवा कारखान्याचे पाणी खाडीत येते, तिथल्या तिसऱ्या घेऊ नयेत. इतर ठिकाणच्याही नीट शिजवूनच पानात वाढाव्यात. पाण्याला दुर्गंधी आली, मासे मरून तरंगू लागले, तर चौघीजणींनी मिळून पंचायतीत जावे आणि पाणी तपासून मागावे. अफवेने एकीची पाटी परत येते. तपासणीने सगळ्यांचे भले होते.

आणि तिवरांना कचरा समजून तोडू देऊ नका. त्यांची पाने पाण्याला रंग देतात, तशी खाडीतल्या जिवांना अन्नही देतात.