कुप्याचा गळ आणि रांपणीचा वाटा



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी याच शाळेत भूगोल शिकलो. फळ्यावर नकाशा टांगला की ते प्रथम देशांची नावे विचारीत नसत. निळ्या रंगावर छडी टेकवून ‘इथे कोण जगतो?’ असे विचारीत. आम्ही ‘मासे’ म्हणालो की ते हसत आणि ‘आणखी कोण?’ म्हणून पुन्हा विचारीत. आज त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न मी करणार आहे. त्यासाठी ट्यूना मासा, म्हणजे आपल्या बाजारातला कुपा, हे उदाहरण मी निवडले आहे. आधी आपण थोडे दक्षिणेला जाऊ आणि शेवटी आपल्याच किनाऱ्यावर परत येऊ.

लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी केवळ १० बेटांवर मनुष्यवस्ती आहे आणि सर्व बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते. त्यांतील दक्षिणेकडचे शेवटचे बेट म्हणजे मिनिकॉय. तेथील लोकांची भाषा मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण आहे आणि मासेमारीची रीतही तीच आहे. पहाटे बेटाभोवतीच्या प्रवाळांच्या कड्याआत, उथळ शांत पाण्यात, बोटभर लांबीचे मासे बारीक जाळ्याने धरावयाचे. नावेच्या पोटातील पाण्याच्या कप्प्यात ते जिवंत ठेवावयाचे. मग खुल्या समुद्रात जाऊन, आकाशात पक्ष्यांचे थवे कोठे घिरट्या घालीत आहेत ते पाहून कुप्यांचा कळप गाठावयाचा. कळप दिसला की जिवंत आमिष पाण्यात फेकतात आणि पाण्याचे तुषार उडवितात. तुषारांमुळे पाणी लहान माशांनी खदखदते आहे असा कुप्याला भास होतो. मग नावेच्या टोकाला ओळीने उभे असलेले खलाशी लांब काठीला बांधलेला गळ पाण्यात टाकतात आणि झटक्यासरशी मासा डोक्यावरून नावेत घेतात. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा आपोआप सुटून फळ्यांवर पडतो आणि गळ तत्क्षणी पुन्हा पाण्यात जातो.

या रीतीत एका काठीला एका वेळी एकच मासा येतो. कासव, डॉल्फिन किंवा नको असलेला मासा सहसा सापडत नाही. सापडलाच तर जिवंत परत सोडता येतो. येथे मुख्यतः जो कुपा मिळतो, त्यास इंग्रजीत स्किपजॅक म्हणतात. तो लवकर वयात येतो आणि त्याची वीणही भरपूर असते. मर्यादा हत्यारातच बांधलेली आहे, हे माझ्या मते या पद्धतीचे मर्म आहे. मिनिकॉयचा मच्छीमार इतरांहून अधिक पुण्यवान असेलच असे नाही. परंतु दहा-बारा माणसांच्या मनगटांत जेवढे बळ, तेवढीच त्याची हाव चालू शकते.

पकडलेला मासा शिजवून, नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरून, उन्हात वाळविला की लाकडासारखा टणक होतो आणि दीर्घकाळ टिकतो. त्यास ‘मास’ किंवा ‘मासमीन’ म्हणतात. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काही काळ काझी असलेल्या इब्न बतूताने या सुक्या माशाचे वर्णन केले आहे आणि तो भारत, चीन व येमेनपर्यंत जात असे, असे नमूद केले आहे. म्हणजे ज्याला आपण आज ‘निर्यात’ म्हणतो, ती या लहान माणसांनी बर्फाच्या कारखान्यावाचून शेकडो वर्षे केली.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘तुम्हाला लोकांनी शिडाच्या होडीतच राहावे असे वाटते काय?’ मुळीच नाही. मालदीवने १९७४ पासून आपल्या शिडाच्या नावांना यंत्रे बसविली आणि लक्षद्वीपमध्ये मत्स्यखात्याने १९६० च्या दशकापासून यांत्रिक नौका आणून ही पद्धत इतर बेटांवरही नेली. यंत्राने नाव लवकर पोहोचू लागली, कष्ट कमी झाले. परंतु मासा धरण्याचे हत्यार काठी आणि गळ हेच राहिले. आधुनिकतेचे कोणते अंग घ्यावे आणि कोणते दाराबाहेर ठेवावे, हे त्या समाजांनी ठरविले. २०१२ साली मालदीवच्या गळाने पकडलेल्या स्किपजॅकला शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले.

तरीही हे चित्र मी सोन्याने मढविणार नाही. आमिषाचे लहान मासे ज्या प्रवाळांच्या आश्रयाने वाढतात, ते प्रवाळ समुद्र तापल्याने १९९८ पासून वारंवार पांढरे पडून मरत आहेत. आमिष नसेल तर नाव किनाऱ्यालाच राहते. शिवाय कुपा हा प्रवासी मासा आहे. तो कोणत्याही देशाची हद्द ओळखीत नाही. मिनिकॉयच्या माणसाने कितीही संयम पाळला, तरी दूर समुद्रात दुसरे कोणी काय करतो, यावर त्याची उद्याची भाकरी अवलंबून असते.

हे दुसरे कोण? १९८० च्या दशकापासून पश्चिम हिंदी महासागरात युरोपीय देशांची प्रचंड पर्ससीन जहाजे येऊ लागली. ही जहाजे संपूर्ण कळपाभोवती जाळे फिरवून त्याचे तोंड आवळतात. ती समुद्रावर तरंगते तराफे सोडतात, त्यांवरील यंत्रे उपग्रहामार्फत त्यांचा ठावठिकाणा कळवितात. तराफ्याखाली सावलीला कुपे जमतात आणि त्यांच्यासोबत पिवळ्या पराच्या कुप्याची अल्पवयीन पिल्लेही जमून जाळ्यात जातात. २०१५ साली हिंदी महासागर ट्यूना आयोगाने पिवळ्या पराच्या कुप्याची अतिमासेमारी झाल्याचे जाहीर केले. निर्बंधांच्या प्रयत्नांनंतर २०२४ च्या मूल्यमापनात त्याची स्थिती सुधारलेली आढळली. म्हणजे नियम निरुपयोगी नसतात. स्किपजॅकसाठी मालदीवच्याच पुढाकाराने २०१६ साली पकडीचा नियम ठरला आणि २०१८ ते २०२० साठी वर्षाला सुमारे ४ लाख ७० हजार टनांची मर्यादा आखली गेली. प्रत्यक्षात २०१८ सालीच ६ लाख टनांहून अधिक मासा पकडला गेला. मर्यादा कागदावर होती. कोणाच्या वाट्याला किती, हे मात्र ठरलेले नव्हते.

मित्रहो, ‘वाटा’ या शब्दापाशी मला आपल्या किनाऱ्यावर यावे लागते. लहानपणी मी रांपण ओढली आहे. पावसाळा सरल्यावर होडीतून जाळ्याचा भला मोठा वेढा समुद्रात टाकला जाई आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सारा वाडा मिळून ओढी. बांगडे वाळूवर आले की वाटे पडत: होडीचा, जाळ्याचा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा. मी दोराला हात लावला होता, म्हणून मलाही ओंजळभर मिळाले आणि त्या दिवशी आमच्या घरी माझ्या कमाईचे हुमण झाले.

१९६१ नंतर गोव्यात यांत्रिक ट्रॉलर आले, मागाहून पर्ससीन जाळी आली. सरकारी साहाय्याचा लाभ बहुधा त्यांना झाला, ज्यांच्यापाशी आधीच भांडवल होते. १९७० च्या दशकात रांपणकार संघटित झाले; मतानी साल्ढाणा यांच्यासारख्या नेत्यांनी त्यांचा प्रश्न देशभर नेला. १९८० साली गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याचे तत्त्व मान्य झाले. पुढे १९९० च्या दशकात खोल समुद्रात परकीय भागीदारीच्या जहाजांना परवाने देण्याच्या धोरणाविरुद्ध मच्छीमारांनी देशव्यापी संप केला आणि १९९६ साली मुरारी समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. २०१७ साली केंद्राने दिव्यांच्या झोताने मासळी गोळा करून पकडण्यास बंदी घातली. कायदे आहेत, मित्रहो. राखणदार कमी आहेत. आज माझ्या गावच्या वाळूवर रांपण क्वचितच दिसते.

मिनिकॉय आणि आपला वाडा यांत फरक एवढाच की तेथे हत्यार टिकले आणि येथे ते हरवत चालले. परंतु धडा एकच आहे. मासा वाचविणे आणि मच्छीमार वाचविणे ही दोन कामे वेगळी नाहीत. ज्या पद्धतीत पुष्कळ हात लागतात, तीत मासाही उरतो आणि वाटेही पडतात. मात्र लहान माणसाच्या संयमाला मोठ्याच्या संयमाची जोड कायद्याने मिळाली नाही, तर तो संयम म्हणजे दुसऱ्यासाठी केलेला उपवास ठरतो.

या सभागृहात असे माजी विद्यार्थी बसले आहेत, जे आज शासनात आहेत, बँकांत आहेत, उपाहारगृहे चालवितात. त्यांना माझी विनंती आहे. कर्ज मंजूर करताना नौका कोणाची आणि जाळे कोणते, हे विचारा. मासळी खरेदी करताना ती कशाने पकडली, हे विचारा. गळाने धरलेल्या माशाला दोन पैसे अधिक द्या. आणि विद्यार्थी मित्रहो, जून-जुलैच्या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत यांत्रिक नौका धक्क्याला लागलेल्या दिसतील, तेव्हा त्यांवरील खलाशी या दिवसांत काय खातो, हे घरी विचारा.

गुरुजींच्या छडीचे टोक निळ्या रंगावर होते. इथे कोण जगतो, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तेव्हा सांगता आले नाही. माझे अर्धे वर्गमित्र त्या निळ्या रंगावरच जगत होते, आणि आम्ही त्यांच्या शेजारी बसून ‘मासे’ म्हणत होतो. पुढच्या पिढीने तरी ते उत्तर चुकू नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.